मॅटरहॉर्न : बर्फाने घडविलेले, बर्फाने सांधलेले शिखर

युरोपातील आल्प्स पर्वतरांगेत, स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर मॅटरहॉर्न हे ४,४७८ मीटर उंचीचे शिखर उभे आहे. उत्तरेस स्वित्झर्लंडमधील झरमॅट हे गाव, तर दक्षिणेस इटलीतील ब्रॉयल-चेर्व्हिनिया आहे. इटालियन भाषेत या शिखरास मोंते चेर्व्हिनो म्हणतात.

हे शिखर जलविभाजकावर आहे. उत्तर उतारावरील पाणी ऱ्होन नदीतून भूमध्य समुद्रास मिळते, तर दक्षिणेकडील पाणी पो नदीमार्गे एड्रियाटिक समुद्रात जाते.

मॅटरहॉर्नचा चौकोनी सुळका हिमनद्यांनी कोरला आहे. अनेक बाजूंनी हिमगव्हरे मागे सरकत गेली आणि मधोमध टोकदार भाग उरला. भूगोलात अशा भूरूपास गिरिशृंग म्हणतात. चार मुख्य दिशांकडे चार कडे आणि त्यांच्यामध्ये चार धारदार कटक, अशी त्याची ढोबळ रचना आहे. आफ्रिकेकडील भूपट्ट युरोपवर रेटला गेल्याने आल्प्स उंचावले. त्यामुळे शिखराचा वरचा भाग आफ्रिकेकडील भूपट्टाच्या खडकांचा, तर पायथ्याचा भाग लुप्त झालेल्या महासागराच्या तळाचा आहे.

१४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिम्पर यांच्या सात जणांच्या पथकाने हर्नली कटकावरून हे शिखर प्रथम सर केले. उतरताना चौघे कोसळून मरण पावले. आजही हाच मार्ग सर्वाधिक वापरला जातो.

या मार्गापुढे आता नवे संकट आहे. उंचावरील खडकांच्या भेगांत वर्षभर गोठून राहणारा बर्फ खडकांना सांधून ठेवतो. तापमान वाढले की हा बर्फ वितळतो आणि दरडी सुटतात. २००३ च्या भीषण उन्हाळ्यात हर्नली कटकावर मोठी दरड कोसळली. वर अडकलेल्या गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने खाली आणावे लागले. त्यानंतर या कटकावर संवेदक बसविण्यात आले असून खडकांचे तापमान व भेगांची हालचाल त्यांद्वारे नोंदविली जाते.

बर्फ वितळल्याचा परिणाम देशांच्या सीमेवरही झाला आहे. या परिसरातील सीमा काही ठिकाणी हिमनद्यांच्या माथ्यावरील जलविभाजकावरून जाते. शिखराच्या पूर्वेकडील थिओडुल हिमनदी आक्रसल्याने ही रेषा सरकली. तिच्यावरील एक इटालियन विश्रामगृह नेमके कोणत्या देशात, हा प्रश्न त्यातून उद्भवला. उभय देशांनी २०२३ मध्ये सीमाबदलाचा मसुदा निश्चित केला आणि स्वित्झर्लंडने सप्टेंबर २०२४ मध्ये त्यास मान्यता दिली. स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांनी २०२२ व २०२३ या दोनच वर्षांत एकूण आकारमानाचा सुमारे १० टक्के भाग गमावला आहे. शिखराची उंची कायम असली, तरी त्याभोवतीचा नकाशा बदलू लागला आहे.