शिंपल्याचें तावदान आणि कांचेचें दार

मुंबई बेट इंग्रजांच्या ताब्यांत येऊन फार वर्षें झालीं नव्हतीं, त्या काळीं, म्हणजे १६७३ सालीं, जॉन फ्रायर नांवाचा एक इंग्रज वैद्य तेथें उतरला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत असलेल्या या गृहस्थाचा प्रवासवृत्तान्त पुढें १६९८ सालीं प्रसिद्ध झाला. मुंबईंतील बहुतेक घरें झावळ्यांनीं शाकारलेलीं, पोर्तुगीजांनीं मागें ठेवलेलीं आणि कंपनीनें बांधलेलीं थोडीं तेवढीं पक्कीं, असें तो सांगतो. आणि खिडक्यांना कांचेऐवजीं शिंपल्यांचीं तावदानें असून तीं चौकोनी कापून घासलेलीं असल्यामुळें दिसावयासहि बरीं दिसतात, अशी नोंद करतो. त्याच्यापूर्वीं साठएक वर्षें, १६०८ ते १६१० या काळांत, गोवा शहरांत राहिलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल यालाहि तेथें हाच प्रकार दिसला होता.

कांच बसविलेलें लांकडी दार आज इतकें सामान्य झालें आहे कीं, कांच मिळत नव्हती तेव्हां सुतार काय करीत असे, हा प्रश्न सहसा कोणास सुचत नाहीं. देशावरील वाड्यांत ही अडचण फारशी नव्हती. तेथें उजेड मधल्या चौकांतून येई. दाराचें काम रक्षण करण्याचें, म्हणून तें जाड सागवानी फळ्यांचें, आंतून अडसर घातलेलें. गोव्यांत वर्षाकाठीं शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो आणि तो वाऱ्याबरोबर आडवा येतो. शिवाय पोर्तुगीज अमदानींत तेथें जीं मोठीं घरें उभीं राहिलीं त्यांच्या खिडक्या रस्त्याकडे तोंड करून, पुष्कळदां दाराएवढ्या उंच व सज्जावर उघडणाऱ्या. फळ्यांचीं दारें लावून घ्यावीं तर घरांत चार महिने अंधार, आणि उघडीं ठेवावीं तर सामानसुमान भिजून जाणार. पाऊस बाहेर ठेवून उजेड आंत घेणारें दार हवें होतें.

तें साधलें एका सागरी जीवाच्या कवचानें. शास्त्रज्ञ त्यास प्लाक्युना प्लासेंटा म्हणतात. चिखलाच्या तळावर राहणारा हा प्राणी. त्याचे शिंपले जवळजवळ गोल, चपटे, तळहाताएवढे आणि अभ्रकासारखे पातळ. जुवारी नदीच्या मुखाशीं चिखली गांवाजवळच्या उपसागरांत तो आढळतो. काकिनाडा व कच्छ येथील आखातांतहि आढळतो. त्याच्यामधून पलीकडचें माणूस दिसत नाहीं, परंतु दुधासारखा मऊ उजेड येतो. गोव्यांत या तावदानांना ‘कारेपा’ हा शब्द रूढ झाला.

येथें सुताराची खरी परीक्षा होती. शिंपला ठिसूळ, त्याला खिळा मारतां येत नाहीं. कापून त्याचा चौकोन निघे तो दोनतीन इंचांचा. तेव्हां पुरुषभर उंचीच्या झडपेंत असे शेंकडों तुकडे बसवावयाचे, तर लांकडाची जाळीच करावयास हवी. सुतारानें बारीक पट्ट्या काढल्या, त्यांच्या कडांना खांच पाडली आणि त्या खांचेंत शिंपले एकाखालीं एक सरकवून आडव्या पट्ट्यांनीं ते धरून ठेवले. एक तुकडा फुटला तरी शेजारचा जागचा हलत नसे. झडपेचा भार अंगच्या चौकटीवर, आणि चौकटीचा जोर कोपऱ्यांतील सांध्यावर. एका लांकडाची कूस दुसऱ्याच्या भोकांत नीट घट्ट बसली नाहीं, तर दुसऱ्या पावसाळ्यांतच झडप खालीं उतरून उंबऱ्यास घासूं लागे. अशा झडपेची शोभा वाखाणणारे पुष्कळ भेटतात. तिच्यामागची मोजमापाची शिस्त मात्र क्वचितच कोणी पाहतो.

कांच मागें पडली होती ती कांहीं गुणाच्या अभावीं नव्हे. ती दूर होती, महाग होती आणि लहान होती. युरोपांत त्या काळीं कांचेचा गोळा फुंकून, फिरवून त्याची थाळी करीत व तिचे तुकडे कापीत. मध्यभागीं गांठ राहिल्यामुळें मोठें तावदान निघत नसे. इंग्लंडांत तर १७४६ पासून कांचेवर वजनाप्रमाणें कर होता. तो १८४५ सालीं उठला. पुढें सहाच वर्षांनीं, १८५१ सालीं, लंडनच्या प्रदर्शनासाठीं जो स्फटिकमहाल उभारला गेला, त्यास ४९ इंच लांब व १० इंच रुंद अशीं सुमारें तीन लाख तावदानें लागलीं. १८६९ सालीं सुएझचा कालवा उघडला आणि आफ्रिकेला वळसा घालून होणारा प्रवास टळला. यांपैकीं एकहि गोष्ट कोंकणच्या सुताराला विचारून झाली नव्हती. परंतु त्याच्या रंध्याखालच्या लांकडाचा आकार त्यांनीं बदलला. पुढें १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें पैसा फंडाच्या कारखान्यानें कांचेची विद्या या प्रांतांत रुजविण्याचा प्रयत्न केला, ती हकीकत स्वतंत्रपणें सांगण्याजोगी आहे.

कांचेबरोबर जाळी गेली. दोनतीन इंचांच्या घरांऐवजीं फुटाफुटाचीं घरें आलीं; पट्ट्या थोड्या, पण भार मोठा. एक चौरस फूट आणि एक अष्टमांश इंच जाड कांच दीड रत्तलाहून अधिक भरते. म्हणून दाराची तळची आडवी पट्टी रुंद ठेवावी लागली. दुसरी अडचण याहून सूक्ष्म. लांकूड पावसाळ्यांत फुगतें व उन्हाळ्यांत आकसतें. लांबीकडून जवळजवळ नाहीं, रुंदीकडून बरेंच. कांच मात्र हवेच्या ओलाव्यानें तसूभरहि हलत नाहीं. शिंपल्याच्या खांचेंत सैलपणा आपोआप राहत असे. कांच घट्ट बसविली तर पहिल्याच पावसांत तडकते. म्हणून जाणता कारागीर कांच खांचेपेक्षां किंचित् लहान कापवून घेतो, जवसाच्या तेलांत खडूची भुकटी मळून केलेली लांबी भरतो, आणि वरून बारीक पट्टी मारतांना खिळा लांकडांतच जाईल असा तिरपा धरतो. तसेंच, जुन्या घरांतील दोन दारें कधीं एका मापाचीं नसतात. भिंत मातीची वा जांभ्या दगडाची, कोपरे थोडे कललेले. चांगला सुतार प्रत्येक चौकटीचे दोन्ही कर्ण मोजतो आणि मगच करवत हातांत घेतो.

जुनें घर दुरुस्त करतांना मालक पुष्कळदां म्हणतो, शिंपले काढा आणि त्याच झडपेंत कांच बसवा. तें होत नाहीं. शिंपल्याच्या बारीक पट्ट्या कांचेचा भार धरीत नाहींत आणि त्यांची खांचहि कांचेच्या जाडीला पुरत नाहीं. मग सबंध झडपच काढली जाते, आणि शंभर वर्षें पाऊस सोसलेलें सागवान अडगळींत पडतें. कांचेमुळें घरांत उजेड वाढतो हें खरें. पण दुपारचें ऊनहि सरळ आंत येतें, आणि तें अडविण्यास पुन्हां पडदा लावावा लागतो. हा सौदा नफ्याचाच झाला असें सरसकट म्हणतां येणार नाहीं.

१९५९ सालीं इंग्लंडांत वितळलेल्या कथलावर कांचेचा रस तरंगवून सपाट कांच काढण्याची पिल्किंग्टनची रीत जाहीर झाली, आणि तेव्हांपासून हव्या त्या मापाची कांच स्वस्त होत गेली. उलट शिंपला दुर्मिळ झाला. भारतांतील वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचींत २००१ सालीं त्याचें नांव घालण्यांत आलें. पूर्वींप्रमाणें खाडींतून टोपल्या भरून आणण्याचे दिवस संपले. त्यामुळें एखादी जुनी झडप दुरुस्त करावयाची, तर दुसऱ्या मोडक्या झडपेंतून निघालेले शिंपले हाच उपाय उरतो. ते काढावयाचे तर पट्ट्या फोडून चालत नाहीं. खालची आडवी पट्टी हलक्या हातानें सोडवून, ज्या वाटेनें ते आंत गेले त्याच वाटेनें एकेक करून खालीं उतरवावे लागतात.