कर्णधार उम्रीगर, संघ मात्र मंडळाचा

सोलापुरात सात रस्ता रोज ओलांडणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल, की पॉली उम्रीगर याच शहरात वाढले? जानेवारी १९५९, मद्रास. वेस्ट इंडीजविरुद्ध कर्णधारपद त्यांच्याकडे आले होते. संघातील एका रिकाम्या जागेसाठी त्यांना फलंदाज मनोहर हर्डीकर हवे होते. मंडळाध्यक्ष रतिभाई पटेलांनी फिरकीपटू जसू पटेलांचा आग्रह धरला. पराभवाचे उत्तर कर्णधाराने द्यायचे आणि अकरा जण इतरांनी ठरवायचे, हे उम्रीगरांना मान्य होणे शक्यच नव्हते. सामन्याच्या तोंडावर त्यांनी कर्णधारपद सोडले आणि विनू मांकडांच्या हाताखाली खेळले. भारत २९५ धावांनी हरला. त्या मालिकेत पाच कसोटींना चार कर्णधार झाले! गंमत अशी, की त्याच डिसेंबरात कानपूरला जसू पटेलांनी ऑस्ट्रेलियाचे १४ बळी टिपले. दुसऱ्या डावात त्यांच्या जोडीने चार बळी घेणारे होते उम्रीगरच.