थाळीवरची कथा आणि साभार पोच

सुरगाणा संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होऊन नाशिक जिल्ह्यात आले; गुजरातमधल्या डांगला लागून असलेल्या या आदिवासीबहुल मुलखात कथेचा प्रसार छापखान्यावर अवलंबून नव्हता. काशाच्या थाळीच्या मध्यभागी मेणाने उभी चिकटवलेली बारीक काडी बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली ओढली की घुमणारा सूर निघतो, आणि त्या सुरावर कोकणा जमातीचा कथेकरी कणसरी या धान्यदेवतेची कथा रात्रभर लावतो. अशा कथेची वार्ता वेगळी द्यावी लागत नाही, कारण तिचे प्रकाशन आणि श्रवण एकाच वेळी घडते.

छापील कथेला मात्र स्वतःची वर्दी द्यावी लागली. ह. ना. आपटे यांचे ‘करमणूक’ (१८९०) आणि का. र. मित्र यांचे ‘मासिक मनोरंजन’ (१८९५) यांनी कथेला वाचक मिळवून दिला, तर ‘मनोरंजन’च्या १९०९ च्या दिवाळी अंकाने कथाकाराला वर्षातून एकदा हमखास व्यासपीठ दिले. पुढे संग्रह निघाला की अभिप्रायार्थ प्रती नियतकालिकांकडे धाडायच्या आणि ‘साभार पोच’ या सदरात, म्हणजे आलेल्या पुस्तकांच्या यादीत, नाव येण्याची वाट पाहायची, असा शिरस्ता पडला. आत्मप्रौढीला नाके मुरडणाऱ्या मराठी साहित्यव्यवहारात ही मोठीच सोय होती, कारण बातमी आपलीच असूनही ती संपादकाच्या तोंडून जाई. नाशिकजवळच्या विहितगावचे बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाने मात्र यादीतल्या एका ओळीत न मावणारी खळबळ उडवली.