थंडी फोटोत दिसत नाही

परवा भाची घरी आली होती. लग्न ठरलंय तिचं, त्यामुळे हल्लीच्या रिवाजाप्रमाणे 'प्री-वेडिंग शूट' आधीच उरकलेलं. चहा पिता पिता मोबाइलवर फोटो दाखवत होती. पावसाळ्याचे दिवस, घाटातला ओढा, गुडघाभर पाण्यात ही उभी आणि लांबलचक लाल झगा पाण्यावर पसरलेला. फोटो खरंच सुरेख आलाय. मी म्हटलं, "काय छान हसली आहेस गं!" तर म्हणाली, "हसू कुठलं मामा! दात वाजत होते. तो आपला म्हणतोय, अजून एक, अजून एक... मी दात आवळून उभी होते, ते हसल्यासारखं दिसतंय."

ती गेली, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. जुन्या फोटोग्राफरांबद्दल वाचायची मला पहिल्यापासून खोड. त्यामुळे एकेक चित्र डोळ्यांसमोर येत गेलं. पाणी, वारा, उघडं आकाश आणि त्यात उभी केलेली एक बाई. या चित्रांबद्दल लिहिताना उजेड कसा पकडला, क्षण कसा टिपला, यावर पानंच्या पानं लिहिली जातात. त्या बाईला थंडी वाजत होती का, हे फारसं कुणी विचारत नाही.

सुरुवात एका रंगवलेल्या चित्रापासून करतो. जॉन एव्हरेट मिलेचं 'ऑफेलिया' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. हॅम्लेटमधली ऑफेलिया ओढ्यात वाहत चालली आहे, तेच चित्र. त्यातला ओढा, गवत, फुलं हे सगळं मिलेने १८५१ साली इंग्लंडमधल्या सरे परगण्यात हॉग्समिल नदीकाठी बसून रंगवलं. पण ऑफेलिया त्या नदीत कधी उतरलीच नाही. तिच्यासाठी एलिझाबेथ सिडल ही २२ वर्षांची मुलगी पुढच्या वर्षी लंडनच्या घरात, पाण्याने भरलेल्या टबात पडून राहिली. पाणी कोमट राहावं म्हणून टबाखाली दिवे ठेवलेले. एकदा ते दिवे विझले. मिले रंगवण्यात इतका गढलेला की त्याला पत्ताच नाही, आणि ती बिचारी काही बोलली नाही. चांगलीच आजारी पडली. तिच्या वडिलांनी ५० पौंडांची भरपाई मागितली, शेवटी मिलेने डॉक्टरचं बिल भरलं. त्याच्या मुलाने लिहिलेल्या चरित्रात ही हकीकत आहे.

चित्रकाराची सोय बघा कशी असते. नदी एका ऋतूत रंगवायची आणि माणूस दुसऱ्या ऋतूत, चार भिंतींच्या आत. कॅमेऱ्याला ही सोय नाही. काही हातचलाखी करायची नसेल तर नदी आणि माणूस एकाच वेळी, एकाच जागी हवेत. म्हणून कॅमेरा बाहेर पडला तेव्हा मॉडेललाही बाहेर पडावं लागलं.

अ‍ॅन ब्रिगमन ही अशी बाहेर पडलेल्यांतली फार आधीची. जन्म १८६९चा, होनोलुलूचा. पुढे कॅलिफोर्नियात आली. सिएरा नेवाडाच्या डोंगरांत तंबू ठोकून राहायची आणि वादळाने पिळवटलेली झाडं, खडक, डोहांचे काठ यांच्यात स्त्रीदेह उभा करून फोटो काढायची, तेही विवस्त्र. काळ कुठला, तर विसाव्या शतकाचं पहिलं दशक! मॉडेल म्हणजे तिची बहीण, मैत्रिणी आणि कित्येकदा ती स्वतः. घरी आल्यावर निगेटिव्हवर पेन्सिलने, रंगाने, टोकदार सुईने काम करायची. 'द बबल' नावाच्या फोटोत गुहेसारख्या जागी पाण्याकाठी एक स्त्री वाकली आहे आणि समोर एक भलामोठा बुडबुडा आहे. खरं पाणी आणि खोटा बुडबुडा. आल्फ्रेड स्टीगलिट्झने १९०९ साली आपल्या 'कॅमेरा वर्क'मध्ये तिचे फोटो छापले. मला मात्र वेगळंच महत्त्वाचं वाटतं. कॅमेऱ्यापुढच्या त्या गार खडकावर ती स्वतः बसलेली होती. "अजून एक" म्हणण्याची किंमत तिला ठाऊक होती.

आता १९३३. न्यूयॉर्कच्या 'हार्पर्स बझार' मासिकाला पोहण्याच्या कपड्यांचे फोटो हवे होते. स्टुडिओत रंगवलेल्या समुद्राच्या पडद्यापुढे ते काढूनही झाले होते, पण कार्मेल स्नो या संपादिकेला पसंत पडेनात. तेव्हा मार्टिन मुंकाची नावाचा हंगेरियन फोटोग्राफर न्यूयॉर्कला आलेला होता. मूळचा खेळांचे फोटो काढणारा, म्हणजे फुटबॉल, मोटारसायकल शर्यती वगैरे. बर्लिनच्या एका मोठ्या साप्ताहिकासाठी काम करायचा. ज्यू असल्यामुळे त्याचे तिथले दिवस भरत आले होते. स्नोबाई त्याला आणि ल्युसिल ब्रोकॉ या मॉडेलला घेऊन लाँग आयलंडच्या पायपिंग रॉक किनाऱ्यावर गेल्या. महिना नोव्हेंबर. मळभ आलेलं, झोंबरी हवा. मुंकाचीला इंग्रजी येईना. हातवारे आणि दुभाष्या यांच्या मदतीने कळलं ते एवढंच की त्याला ती पळायला हवी आहे, थेट कॅमेऱ्याच्या दिशेने!

तोवर फॅशनच्या फोटोतली बाई सहसा पुतळ्यासारखी उभी असे. ब्रोकॉ पळाली. अंगात पोहण्याचा पोशाख, मागे वाऱ्याने फुगलेला अंगरखा, फोटो थोडासा हललेला. डिसेंबरच्या अंकात तो छापून आला आणि पुढे फॅशन फोटोग्राफीच्या इतिहासातला मैलाचा दगड म्हणून नोंदला गेला. रिचर्ड अ‍ॅव्हेडन तर लहानपणापासून मुंकाचीचा भक्त.

हे सगळं खरंच. पण आता भाचीचं वाक्य ऐकल्यावर तो फोटो पुन्हा पाहिला. न्यूयॉर्कचा नोव्हेंबर, समुद्रावरचा वारा आणि अंगावर पोहण्याचे कपडे! हौसेखातर पळाली असेल, पण ऊब यावी म्हणूनही पळाली असेल, असं मला उगाच वाटून गेलं. :) मासिकांचं हे गणितच उलटं. अंक महिना-दीड महिना आधी तयार होणार, आणि हिवाळ्यात उबदार किनाऱ्यांवर जाणाऱ्या श्रीमंत वाचकांना पोहण्याचे कपडे डिसेंबरातच बघायचे असणार. मग मॉडेलने नोव्हेंबरात कुडकुडायचं.

किनाऱ्यावरून पुढची पायरी थेट पाण्याखाली, फ्लोरिडात. तिथे जमिनीतून उसळणारे काचेसारखे स्वच्छ झरे आहेत. सिल्व्हर स्प्रिंग्ज इथे ब्रूस मोझर्ट नावाच्या माणसाने पत्र्याच्या पेटीला पारदर्शक खिडकी लावून, टायरची ट्यूब वापरून कॅमेऱ्यासाठी पाणबंद खोकं बनवलं आणि वर्षानुवर्षं पाण्याखाली जाहिरातींचे फोटो काढले. त्याच्या युक्त्या फार मजेशीर. पाण्याखालच्या शेगडीवर मांस भाजतंय असं दाखवायचं, तर धूर म्हणून डब्यातलं घट्ट दूध सोडायचं. शॅम्पेनच्या पेल्यात बुडबुडे हवेत, तर त्यात पाण्यात फसफसणारी औषधाची गोळी टाकायची. त्याची आवडती मॉडेल जिंजर स्टॅन्ली. श्वास रोखून, डोळे उघडे ठेवून, अगदी स्वयंपाकघरात उभी असल्यासारखी ती वावरायची. १९५४च्या 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून'मध्ये नायिकेच्या जागी पाण्याखाली पोहणारी तीच. थोडक्यात, नुसतं सुंदर दिसण्याचं हे काम नव्हे, अंगमेहनतीचं कसब आहे.

याच फ्लोरिडातल्या वीकी वॉची झऱ्यावर न्यूटन पेरी या माजी नौसैनिक प्रशिक्षकाने १९४७ साली जलपऱ्यांचे खेळ सुरू केले. प्रेक्षक पाण्याच्या पातळीखाली बांधलेल्या छोट्या प्रेक्षागृहात बसत आणि मुली रबरी नळीतून हवेचा घोट घेत पाण्यात नाच करत. त्याच वर्षी, त्याच झऱ्यात टोनी फ्रिसेलने तो फोटो काढला. फ्रिसेल स्टुडिओबाहेरच रमणारी. महायुद्धात तिने रेडक्रॉससाठी आणि सैन्यातल्या स्त्रियांच्या दलासाठी फोटो काढले होते. हा फोटो तुम्ही कदाचित बिल एव्हान्स आणि जिम हॉल यांच्या १९६२च्या 'अंडरकरंट' या जॅझ रेकॉर्डवर पाहिला असेल. पांढऱ्या लांब पोशाखातली एक बाई पाण्यात आडवी तरंगते आहे आणि आपण तिला खालून बघतोय. खालून तिरकं पाहिलं की पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा वागतो. आकाशाऐवजी पाण्यातलंच प्रतिबिंब परत दिसतं. म्हणून ती धड या जगातली वाटत नाही, धड त्या.

तिचा चेहरा पाण्याच्या वर आहे, त्यामुळे आपल्याला दिसत नाही. बाईंना श्वास घ्यायचा होता हो! इतक्या स्वप्नाळू फोटोत ही एवढी व्यवहाराची गोष्ट आहे, हे लक्षात आल्यावर मला तो जास्तच आवडायला लागला. झऱ्याचं पाणी बारा महिने साधारण २३ अंश सेल्सिअस असतं. ऐकायला सुखद वाटतं. पण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट चांगलं उष्णतावाहक, त्यामुळे थोड्याच वेळात अंग गारठतं. वर भिजलेल्या कपड्यांचं ओझं.

फ्रिसेलने आपला संग्रह पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकला, म्हणून आज तो फोटो सगळ्यांना खुला आहे. त्याच्या शीर्षकात झऱ्याचं नाव आहे, राज्याचं नाव आहे. तिचं नाव नाही. सिडलचं नाव राहिलं, ब्रोकॉचं राहिलं, स्टॅन्लीचं राहिलं; आणि सगळ्यात जास्त पाहिल्या गेलेल्या या फोटोतली बाई नुसतीच 'पाण्यातली बाई'.

हे सगळं लिहिलं म्हणून हे फोटो काढायलाच नको होते, असं मला म्हणायचं नाही. वाऱ्यावर पळणारी ब्रोकॉ आली म्हणून पुतळे गेले, आणि बायका पळू शकतात हे मासिकांनाही कळलं. ;) भाचीलाही तो ओढ्यातला फोटो मनापासून आवडलाय, भिंतीवर लावणार आहे. फक्त टबाखालचे दिवे जळताहेत की नाही, हे बघायला कुणीतरी असावं. मिलेला चित्रापुढे दिसलं नाही, आणि सिडल बोलली नाही. माझी भाचीही त्याला बोलली नव्हती, मला आठ दिवसांनी सांगितलं.

रात्री तिला फोन करून ऑफेलियाची गोष्ट सांगितली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, लग्नानंतरचं शूट जानेवारीत आहे, समुद्रावर. सूर्योदयाला." मी म्हटलं, "बोल तू त्याला, दोनच फोटो म्हणावं. आणि मी येतो, थर्मास घेऊन."