एका ऑपरेशनचा अंत

गेल्या वर्षी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ अशक्तपणाची तक्रार घेऊन माझ्याकडे आले. सदरा वर केला तेव्हा छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंत उतरलेला उभा व्रण दिसला. शेजारच्या तरुण सहकाऱ्याने विचारले, "सर, हे कशाचं ऑपरेशन?" चाळीस वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डबॉयनेही हा प्रश्न विचारला नसता. तो व्रण पाहूनच त्याने सांगितले असते, "व्हेगॉटॉमी-जीजे."

ही शस्त्रक्रिया पेप्टिक अल्सरची. जठरात, किंवा जठर जिथे लहान आतड्याला मिळते तिथे, ड्युओडेनममध्ये होणारा हा व्रण. (मराठीत आतली जखमही व्रण आणि पोटावरची खूणही व्रण, वाचकांनी सांभाळून घ्यावे.) माधवनिदानात अन्न पचताना उठणाऱ्या दुखण्याला परिणामशूल म्हटले आहे. तो हाच आजार का, यावर वाद होईल. पण ते वर्णन वाचताना माझ्यासमोर आमचा वॉर्ड उभा राहतो. भारतातही गव्हाच्या पंजाबपेक्षा भात खाणाऱ्या दक्षिणेत हा आजार जास्त, असे आम्हाला शिकवले जाई.

जठर कापून पुन्हा जोडता येते, हे थिओडोर बिलरोथ यांनी व्हिएन्नात २९ जानेवारी १८८१ रोजी दाखवून दिले. त्यांच्या आधी पॅरिसमध्ये पेआँ आणि पोलंडमध्ये रिडिगिअर यांनी प्रयत्न केले होते. दोघांचेही रुग्ण दगावले. बिलरोथ यांची रुग्ण टेरेझे हेलर वाचली, पण तिला कर्करोग होता आणि काही महिन्यांतच तो उलटला. त्याच वर्षी रिडिगिअर यांनी साध्या अल्सरसाठी जठराचा भाग काढला आणि बिलरोथ यांचे सहायक व्योल्फ्लर यांनी जठराला थेट आतडे जोडले. ते जोडकाम म्हणजे आमचे 'जीजे'.

१९१० मध्ये कार्ल श्वार्त्स यांनी सूत्र मांडले: आम्ल नाही तर अल्सर नाही. पुढची सत्तर वर्षे सर्वांनी या सूत्राच्या आधारे काम केले. शिकागोचे सिप्पी दर तासाला दूध-साय पाजत. शल्यचिकित्सक आम्ल तयार करणारा जठराचा मोठा भागच काढून टाकत. व्हेगस मज्जातंतू आम्ल स्रवायला लावतो हे पावलोव्ह यांच्या प्रयोगांतून कळले होते; १९४३ मध्ये शिकागोच्याच लेस्टर ड्रॅगस्टेट यांनी तो तंतूच कापला. आम्ल घटले. पण त्याच तंतूवर जठराची हालचालही चालते, म्हणून अन्न आतच साचू लागले. मग त्याला वाट द्यायला जीजे करणे आले. एक गोष्ट कापली म्हणून दुसरी जोडायची, हे तेव्हा आम्हाला अगदी तर्कशुद्ध वाटे. आजही त्या तर्कात मला चूक सापडत नाही. चूक त्याच्या आधीच्या पायरीवर होती.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस मी शस्त्रक्रिया शिकलो ती या ऑपरेशनवर. अन्ननलिकेच्या मागे बोट घालून ताणलेल्या तारेसारखा व्हेगस शोधायचा. तो बोटाला लागला की सर मान हलवत आणि त्या दिवसापुरते आपण सर्जन झालो असे वाटे. किती केली, याची मोजदाद मी ठेवली नाही. १९७६ मध्ये इंग्लंडात जेम्स ब्लॅक यांचे सिमेटिडीन बाजारात आले आणि तिथली ऑपरेशने घटू लागली. आमच्या रुग्णांना वर्षानुवर्षे गोळ्या घेणे परवडत नसे. एकदाच काय तो खर्च म्हणून ते आमच्याकडे येत. अनेकांना बरे वाटे. काहींना जेवणानंतर घाम, धडधड, जुलाब सुरू होत. काहींचे वजन पुन्हा कधी भरले नाही. त्यांना आम्ही थोडे थोडे खायला सांगत असू.

त्याच काळात, १९७९ मध्ये, ऑस्ट्रेलियात पर्थ येथे रॉबिन वॉरन नावाचे पॅथॉलॉजिस्ट जठराच्या तुकड्यांना चांदीचा रंग देऊन पाहत होते. त्यांना अस्तरावर वळणदार जंतू दिसले. इतक्या आम्लात जंतू जगत नाहीत, हे सर्वांना 'माहीत' होते. १९५४ मध्ये अमेरिकेत पामर यांनी हजाराहून अधिक जठरांचे तुकडे तपासून जंतू नसल्याचे जाहीर केले होते. त्यांनी हा रंग वापरला नव्हता. ग्रीसमध्ये लिकुडिस नावाचे डॉक्टर १९५८ पासून अँटिबायोटिक देऊन अल्सर बरे करत होते. त्यांना दंड झाला.

वॉरन यांच्याबरोबर बॅरी मार्शल काम करू लागले. जंतू काही केल्या वाढेना. १९८२ च्या ईस्टरमध्ये सुट्टीमुळे बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जंतू वाढला. त्याला तेवढा वेळच हवा होता. लोक तरीही मानेनात, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः पिऊन घेतला. त्यांना अल्सर झाला नाही, जठराला सूज आली. पण निरोगी जठर या जंतूने बिघडते हे सिद्ध झाले. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव १९८९ चे, दोघांचे नोबेल २००५ चे.

सगळे अल्सर या जंतूमुळे होत नाहीत. वेदनाशामक गोळ्यांचाही त्यात मोठा वाटा आहे. फुटलेल्या अल्सरवर वपेचा तुकडा टाकून शिवण घालायची टोरंटोच्या ग्रॅहम यांची १९३७ ची रीत आम्ही आजही वापरतो. पण व्हेगॉटॉमी गेली. माझ्या तरुण सहकाऱ्याने व्हेगस पाहिला आहे तो शवविच्छेदनाच्या टेबलावर.

त्या गृहस्थांना मी त्यांच्या ऑपरेशनआधीचे विचारले. ते म्हणाले, "आदल्या दिवशीचं जेवण उलटून पडायचं. कातडी नि हाडं उरली होती." म्हणजे जुन्या व्रणाने जठराची वाट बंद झाली होती. त्या अवस्थेत त्यांना ऑपरेशनवाचून गत्यंतर नव्हते, आणि हे ऐकून मला बरे वाटले, हे कबूल करतो. मात्र त्या अवस्थेला पोचण्याआधीची आठ वर्षे त्यांनी दूध आणि सोडा घेऊन काढली होती.

रक्त कमी होतेच. ड्युओडेनमला वळसा पडला की लोह नीट शोषले जात नाही. एंडोस्कोपी केली, तुकडा तपासायला पाठवला. आम्ही टाकलेला जोड शाबूत होता. अहवालात जंतू सापडल्याची नोंद होती. मी लोहाबरोबर चौदा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या.