भिंगाचा शोध आणि मोतीबिंदू : सुश्रुताच्या शलाकेपासून सीटी स्कॅनपर्यंत (खानदेशच्या संदर्भात)

प्रस्तावना :

खानदेशच्या इतिहासलेखनात कापूस, दुष्काळ, भिल्लांचे उठाव आणि रेल्वे यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे आजारांना मिळालेले नाही. १८१८ मध्ये इंग्रजी अंमलाखाली आलेला, १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम अशा दोन जिल्ह्यांत विभागलेला आणि आज जळगाव, धुळे व (१९९८ पासून) नंदुरबार या जिल्ह्यांत पसरलेला हा प्रदेश. पटकी व प्लेग यांच्या नोंदी सरकारी दप्तरात सापडतात, कारण त्यांनी माणसे मेली. मोतीबिंदूने माणूस मरत नाही. तो घराच्या ओसरीवर बसून राहतो. त्यामुळे हा आजार म्हातारपणाचाच एक भाग समजला गेला आणि दप्तरातून निसटला. प्रस्तुत लेखात या आजाराचा इतिहास एकाच प्रश्नाच्या अंगाने तपासला आहे : डोळ्यातील भिंग कोठे आहे व त्याचे काय झाले आहे, हे उपचार करणाऱ्याला प्रत्यक्ष दिसत होते काय?

'उतरणारा' बिंदू :

मराठीत मोतीबिंदू 'उतरतो' आणि पुढे 'पिकतो'. या पहिल्या क्रियापदात एक फार जुनी समजूत टिकून आहे. डोळ्यात वरून काही द्रव खाली येतो व बाहुलीच्या मागे साचतो, ही कल्पना अरबी वैद्यकातील 'पाणी उतरणे' या नावात आहे आणि धबधबा असा अर्थ असलेल्या लॅटिन 'कॅटरॅक्ट' या शब्दातही आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कफज लिंगनाशावर शलाकेने करावयाची शस्त्रक्रिया सांगितली आहे. रुग्णाने आपल्या नाकाकडे पाहावे, वैद्याने डोळ्याच्या बाजूने यवाच्या टोकासारखी शलाका आत घालावी, आणि नंतर रुग्णाने एक नाकपुडी दाबून जोराने श्वास सोडून कफ बाहेर टाकावा, असे हे वर्णन आहे. हात कुशल होता. परंतु हाताखाली असलेली वस्तू भिंग आहे, हे त्या हाताला ठाऊक नव्हते. यात प्राचीन वैद्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. युरोपातही सतराव्या शतकापर्यंत बहुतेक वैद्य मोतीबिंदू म्हणजे भिंगापुढे धरलेला पडदा असेच मानत होते.

ही समजूत मोडली ती एका मृतदेहामुळे. १७०५ मध्ये मिशेल ब्रिसो या फ्रेंच वैद्याने पिकलेला मोतीबिंदू असलेल्या एका मृत सैनिकाच्या डोळ्यात सुई घालून तो 'पडदा' खाली पाडला आणि मग डोळा चिरून पाहिला. खाली पडलेली वस्तू पडदा नसून गढूळ झालेले भिंगच होते. जाक दाव्हिएल याने अठराव्या शतकाच्या मध्यास भिंग डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत रूढ केली, तिला या ज्ञानाचाच आधार होता. जे शरीरात आहे ते कळण्यासाठी छेद घ्यावा लागतो, आणि छेद मेलेल्या डोळ्याचाच घेता येतो, ही मर्यादा मात्र पुढे पावणेतीनशे वर्षे कायम राहिली.

मद्रासचे नेत्रगोल :

हिंदुस्थानात शलाकेची पद्धत विसाव्या शतकातही चालू होती. गावोगाव फिरणारे वैद्य सुईने भिंग मागे ढकलत, रुग्णाला बोटे मोजायला लावत, पैसे घेत आणि पुढच्या गावी जात. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयाचे अधीक्षक राहिलेले रॉबर्ट हेन्री एलियट यांनी या पद्धतीचा अभ्यास करून १९१७ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये व्याख्याने दिली व ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. काढून टाकाव्या लागलेल्या नेत्रगोलांचे छेद घेऊन त्यांनी ढकललेले भिंग कोठे जाते, भोवती दाह कसा होतो आणि डोळ्यातील दाब कसा वाढतो, हे दाखविले. त्यांचा निष्कर्ष या पद्धतीविरुद्ध होता व तो मुळात बरोबर होता. तथापि, इतिहासाच्या अभ्यासकाने एक गोष्ट विसरू नये : रुग्णालयात आले ते बिघडलेले डोळे. ज्यांना दिसू लागले होते ते शेतावर कामाला गेले. त्यांची गणना कोणी केली नाही.

खानदेशातील रुग्णाला पाश्चात्त्य शस्त्रक्रियेचा मार्ग दीर्घकाळ मुंबईकडेच जात होता. भुसावळ व जळगाव लोहमार्गावर होते. धुळे १९०० मध्ये चाळीसगावशी जोडले गेले. परंतु ज्याला दिसत नाही त्याच्याबरोबर आणखी एक कमावता माणूस पाठवावा लागे, आणि गाडीच्या भाड्यापेक्षा त्या माणसाची बुडालेली मजुरी जड होती.

शिबिरांचा काळ :

१९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यावर शस्त्रक्रिया गावाकडे आली. शाळेच्या खोल्या रिकाम्या करून भरविलेली नेत्रशिबिरे ही त्या पिढीच्या स्मृतीत आहेत. संपूर्ण भिंग काढले जाई आणि रुग्णाला सुमारे दहा डायॉप्टरचा जाड चष्मा मिळे. तो फुटला की माणूस पुन्हा जवळजवळ आंधळा. हॅरोल्ड रिडले यांनी लंडनमध्ये १९४९ मध्येच कृत्रिम भिंग बसविले होते. सामान्य ग्रामीण रुग्णापर्यंत ते पोहोचण्यास चार दशके व त्याहून अधिक काळ लागला. १९८६-८९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातील अंधत्वापैकी सुमारे ८० टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४-९५ पासून सात राज्यांत जो प्रकल्प राबविला गेला, त्यात महाराष्ट्र होता. शिबिरातील शस्त्रक्रिया हळूहळू रुग्णालयात हलल्या आणि कृत्रिम भिंग नित्याचे झाले. २०१७ मध्ये राज्याने मोतीबिंदूमुक्तीची मोहीमही हाती घेतली.

या साऱ्या प्रवासात सीटी स्कॅनचा संबंध कोठेही आला नाही, हे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. वयोमानाने येणारा मोतीबिंदू स्लिट लॅम्पखाली दिसतो. भिंग इतके गढूळ असेल की मागचे दृष्टिपटल दिसत नाही, तर ध्वनिलहरींची सोनोग्राफी पुरते. महाग यंत्र आले म्हणून रोग अधिक कळतो, हा समज येथे लागू पडत नाही.

जिवंत डोळ्याचा छेद :

मग या यंत्राचे स्थान कोठे? गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र घेण्यात आले. त्या यंत्राचा एक छेद सुमारे १३ मिलिमीटर जाडीचा होता. प्रौढ माणसाचे भिंग सुमारे ९ ते १० मिलिमीटर रुंद व चार-पाच मिलिमीटर जाड असते; म्हणजे अख्खे भिंग एका छेदात हरवून जाई. आजच्या यंत्रांचे छेद एका मिलिमीटरहून पातळ असतात आणि भिंग त्यांत स्पष्ट, उजळ, दोन्ही बाजूंनी फुगीर असे दिसते. कारण त्याच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग प्रथिनांचा असतो. हाउन्सफील्ड मापनात पाणी शून्य व हवा उणे एक हजार धरली जाते. भिंगाचा अंक पाण्याच्या बराच वर असतो. मार लागून भिंगाचे वेष्टन फाटले की डोळ्यातील द्रव आत शिरतो, हा अंक घसरतो आणि दुसऱ्या डोळ्याशी तुलना करता ते भिंग काळसर दिसते. जागेवरून निसटलेले भिंग उताण्या झोपलेल्या रुग्णाच्या डोळ्यात मागे दृष्टिपटलाजवळ पडलेले आढळते. एलियट यांना ज्यासाठी डोळा काढावा लागला, ते येथे डोळा जागेवर ठेवून दिसते.

खानदेशात या तपासणीचे महत्त्व इजेमुळे येणाऱ्या मोतीबिंदूत आहे. कपाशीची पऱ्हाटी उपटताना, बाभळीचे कुंपण घालताना, लोखंडावर घण मारताना उडालेला कण डोळ्यात जातो. डोळा फाटलेला असेल तर सोनोग्राफीचा दाब धोक्याचा. आत लोखंड असण्याची शंका असेल तर एमआरआय वर्ज्य. अशा वेळी सीटी स्कॅन हाच मार्ग उरतो. धातूचा कण त्यात चटकन चमकतो. काटा मात्र फसवतो : सुकलेले लाकूड हवेसारखे काळे दिसते, आणि छेदचित्र वाचणाऱ्याला रुग्ण शेतातून आला आहे हे सांगितले गेले नसेल तर ते हवेचा बुडबुडा म्हणून सोडून दिले जाण्याची शक्यता असते. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा २०१८ मध्ये सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे पाठविल्या जाणाऱ्या चिठ्ठीवर 'डोळ्यास मार' याऐवजी 'बाभळीचा काटा' असे दोन शब्द असणे म्हणूनच मोलाचे ठरते.

किरणांच्या वाटेतील भिंग :

या यंत्राची दुसरी बाजूही आहे. क्ष-किरणांनी भिंग गढूळ होऊ शकते, हे रोंटगेन यांच्या १८९५ च्या शोधानंतर थोड्याच वर्षांत प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले होते. पेशी आयुष्यभर साठवून ठेवणारा हा अवयव आपली हानी बाहेर टाकू शकत नाही. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २०११ मध्ये भिंगासाठीची धोक्याची मर्यादा पूर्वीपेक्षा बरीच खाली आणून ०.५ ग्रे इतकी मानली. डोक्याच्या एका सीटी स्कॅनमध्ये डोळे किरणांच्या वाटेत आले तर त्याच्या साधारण एक दशांशाच्या आसपास मात्रा भिंगाला मिळू शकते. अमेरिकेतील बीव्हर डॅम अभ्यासात (१९९३) सीटी स्कॅन व काही प्रकारचे मोतीबिंदू यांचा संबंध आढळला. ऑस्ट्रेलियातील ब्लू माउंटन्स अभ्यासात तो आढळला नाही. वाद मिटलेला नसला तरी एका तपासणीची भीती बाळगण्याचे कारण नाही. प्रश्न पुनरावृत्तीचा आहे. चोपडा किंवा शिरपूर तालुक्यातून निघालेला अपघातग्रस्त रुग्ण प्रथम तालुक्याला, मग जिल्ह्याला आणि शेवटी नाशिक अथवा मुंबईला जातो. पहिल्या ठिकाणचे छेदचित्र घाईत मागे राहिले, तर पुढच्या ठिकाणी तपासणी पुन्हा होते आणि तीच दोन भिंगे पुन्हा किरणांच्या वाटेत येतात.