तापीकाठचा दुष्काळ आणि महापूर

खानदेशचा इतिहास म्हटला की फारुकी सुलतान, मोगल सुभेदार, होळकरांच्या स्वाऱ्या यांची नावे आपोआप ओठांवर येतात. परंतु या मुलखाला वारंवार नागवणाऱ्या दोन शत्रूंना ना तख्त होते ना निशाण. एक अवर्षण, दुसरा महापूर.

इ. स. 1630 ते 32 च्या दुष्काळात इंग्रज व्यापारी पीटर मंडी सुरतेहून बऱ्हाणपुरास खानदेशातूनच गेला. ओस गावे आणि वाटेवरची प्रेते त्याने नोंदवली आहेत. त्याचबरोबर शहाजहानच्या छावणीकडे धान्य घेऊन निघालेले बैलांचे तांडेही! 1803 च्या दुष्काळातही पावसाइतकाच दोष मुलूख जाळीत फिरणाऱ्या फौजांचा होता. आभाळ फाटते वा आटते, ते निसर्गाचे. माणसे उपाशी मरतात त्यात मात्र राज्यव्यवस्थेचा हात असतो.

आता दुसरी बाजू पाहा. 1822 मध्ये तापीने काठची गावेच्या गावे बुडविली. सप्टेंबर 1872 मध्ये पांझरा आणि गिरणा यांनी तोच प्रकार केला. एकट्या धुळ्यात सुमारे 500 घरे वाहून गेली. त्यानंतर चारच वर्षांनी, 1876 साली, दख्खन होरपळली व तिची झळ खानदेशालाही लागली. पुढे 1899 चा 'छप्पन्नचा दुष्काळ' आला. पूर आणि दुष्काळ हे असे सख्खे शेजारी आहेत.

याचे मर्म भूगोलात आहे. साक्रीच्या पश्चिमेकडील डोंगरात पाऊस बरा, शिंदखेड्याकडे तुटपुंजा. सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर-यावलला केळी डोलते, ती विहिरींच्या पाण्यावर. अशा ठिकाणी जिल्ह्याची सरासरी सांगणे म्हणजे एकाचे पोट भरले म्हणून पंगत उठविणे होय.

सरासरीचा हा फसवेपणा शास्त्रज्ञांनाही आढळला. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय संशोधनात 1951 ते 2000 या काळातील मध्य भारताच्या नोंदी तपासल्या गेल्या. मोसमाची एकूण सरासरी फारशी बदलली नव्हती. पण दिवसाला 100 मिलिमीटरहून अधिक कोसळणारा पाऊस वाढला होता आणि मध्यम, मुरणारा पाऊस घटला होता. त्या टापूच्या पश्चिम कडेलाच आपला खानदेश आहे.

पांझरेवर आपल्या पूर्वजांनी बंधारे घातले, फड पाडले आणि पाणी पाळीने वाटून घेतले. पाणी अडविण्याइतकेच ते वाटण्याचे शहाणपण त्यात होते. पाऊस आपल्या हाती नाही. ही वाटणी मात्र आपल्याच हाती आहे.